लेकीची केमो दोन वर्षांच्या वर चालणार आहे, रोजचं घर कसं चालवायचं?

कळव्याची_आई

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी धाकटी लेक ४ वर्षांची आहे. दिवाळीनंतर ताप जाईना, पायावर निळे डाग दिसायला लागले म्हणून रक्त तपासलं आणि एएलएल निघाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेकमध्ये ट्रीटमेंट चालू आहे. इंडक्शन म्हणजे केमोचा पहिला टप्पा झाला, बोनमॅरोचा एमआरडी निगेटिव्ह आला, म्हणजे उरलेल्या कॅन्सरच्या पेशी तपासणीत सापडल्या नाहीत, डॉक्टर म्हणाले शरीर औषधाला चांगलं साथ देतंय. आजाराबद्दल मला इथे काही विचारायचं नाहीये, त्यासाठी डॉक्टर आहेत आणि ते नीट समजावून सांगतात. मला विचारायचंय ते रोजचं.

पहिला महिना सगळे धावून आले, नणंद येऊन राहिली, शेजारणी डबे देऊन जायच्या, कोणी ना कोणी हॉस्पिटलात सोबत असायचं. आता सगळे आपापल्या घरी गेलेत आणि जायलाच हवं त्यांना, पण डॉक्टरांनी पुढचे टप्पे कागदावर लिहून दिले, कन्सॉलिडेशन मग इंटेन्सिफिकेशन मग मेंटेनन्स, तेव्हा लक्षात आलं की हे दोन वर्षांच्या वर चालणार आहे आणि घरात माणसं तेवढीच. कळव्याला आमचा वन बीएचके आहे. मिस्टर रबाळे एमआयडीसीत शिफ्टला, मोठा मुलगा ९ वर्षांचा चौथीत, सासूबाईंना शुगर आहे आणि गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नाही. मी ठाण्यात एका पतपेढीत हिशोबाचं काम करते, सध्या बिनपगारी रजेवर आहे.

केमोच्या दिवशी पहाटे उठायचं, पाणी उकळून गार करायचं, तिचं जेवण वेगळं आणि ताजं, सासूबाईंचं वेगळं, मोठ्याचा डबा, मग रिक्षा किंवा कॅब करून खारघर, रक्त द्यायचं, रिपोर्टची वाट बघायची आणि मग कळणार की आज केमो होणार की काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, कमी म्हणून परत पाठवणार. दिवस सगळा तिकडेच जातो. आलं की आंघोळ, कपडे धुवायला, परत स्वयंपाक. स्टेरॉइड चालू असताना तर रात्री दोन वाजता उठून वरणभात मागायची, नाही म्हटलं की एवढी चिडायची की शेजारी जागे व्हायचे. आणि ताप. ताप आला तर लगेच या असं सांगितलंय, त्यामुळे मी रात्रभर तिच्या कपाळावर हात ठेवून असते, मला गाढ झोप अशी लागतच नाही.

मोठा काही बोलत नाही. परवा त्याच्या वहीत बाईंचा शेरा होता की सलग गृहपाठ नाही, मला माहीतच नव्हतं.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, तुम्ही दिवस कसा बसवलात? नोकरी सोडू का? भेटायला येणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं? आणि ही तापाची भीती कमी होते का कधी?

खारघर_सेक्टर_बारा

ताई, माझ्या मुलाची हीच ट्रीटमेंट पूर्ण झालीय, आता सहावीत आहे, रोज संध्याकाळी खाली क्रिकेट खेळतो. हे आधी सांगते कारण मला तेव्हा असं कोणी सांगायला भेटलं की त्या दिवशी जेवण जायचं.

तापाचं आधी घेऊ. भीती कमी होते, पण तयारी केल्यावर होते. कपाळावर हात ठेवून जागू नका, हाताला कळत नाही. डिजिटल थर्मामीटर घ्या, काखेत लावा, सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहा आणि मधे अंग गरम लागलं, थंडी वाजली, नेहमीपेक्षा मलूल वाटली तर मोजा. आम्हाला १००.४ हा आकडा दिला होता, तुमच्या फाईलवर जो लिहिला असेल तो मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा म्हणजे सासूबाईंनाही दिसेल. आकडा गाठला की फोन आणि निघायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही. काउंट खाली असताना, म्हणजे ते एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) ५०० च्या खाली असताना, इन्फेक्शन काही तासांत अंगभर पसरू शकतं आणि शिरेतून अँटिबायोटिक जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. आणि मोजायच्या आधी क्रोसिन कधीच देऊ नका. ताप झाकला जातो, आत इन्फेक्शन चालूच राहतं.

दाराजवळ एक बॅग कायम भरलेली. फाईलची झेरॉक्स, आधार, दोन जोडी कपडे, चार्जर, तिची पाण्याची बाटली, थोडी रोख. शेवटच्या सीबीसीचा, म्हणजे रक्ताच्या रिपोर्टचा, फोटो फोनमध्ये, तुमच्याही आणि मिस्टरांच्याही. ओळखीच्या एका रिक्षावाल्याशी आधीच बोलून ठेवा की रात्री कधीही फोन येईल. तुमच्याकडून विटावा-ऐरोली करून ठाणे-बेलापूर रोडने रात्री रस्ता मोकळा असतो, पण पावसाळ्यात विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी भरतं हे तुम्हाला माहीत असेलच, तेव्हा कोपरीवरून मुलुंड आणि ऐरोली पूल असं जायचं हे आत्ताच ठरवून ठेवा. आणि रात्री निघालात तर मोठ्याजवळ कोण येऊन झोपणार, त्या शेजारणीचं नाव ठरलेलं असू दे. एवढं सगळं झाल्यावर मी पहिल्यांदा झोपले.

दुसरं, केमोच्या दिवसाचा स्वयंपाक आदल्या रात्री करून ठेवायच्या भानगडीत पडू नका, तिला ताजंच लागतं. पण बाकी घराचा त्या दिवशीचा स्वयंपाक तुम्ही करायचा नाही. तो दुसऱ्या कोणाचा तरी. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणारे खूप असतात आणि ते मनापासून म्हणतात, पण काय लागतं हे त्यांना कळत नाही, म्हणून काम नेमून द्या. मंगळवारी मोठ्याचा डबा तुमच्याकडून. शनिवारी सासूबाईंची औषधं तुम्ही आणा. असं नाव आणि वार लावून सांगितलं की लोक करतात, आणि वर्षभर करतात. मी आमच्या मजल्यावरच्या तीन घरांना असे वार दिले होते.

स्टेरॉइडच्या भुकेवर उपाय नाही, ती औषधाचीच भूक आहे आणि चिडचिडही औषधाचीच, तिला रागावू नका. पुढे इंटेन्सिफिकेशनला डेक्सा हे स्टेरॉइड आलं की परत होईल. रात्री एकदा उठायचंच हे धरून चाला आणि मिस्टर घरी असतील त्या रात्री ते उठतील असं ठरवा. मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं, नाचणीचं सत्त्व, गरम थालीपीठ हे आमच्याकडे चालायचं. मीठ आणि साखर जरा हात राखून, कारण स्टेरॉइडने बीपी आणि शुगर वाढू शकते. ॲस्पॅराजिनेजची इंजेक्शनं चालू असताना पोटात जोरात कळ आली, उलट्या थांबेनात, तर ते खाण्यामुळे असेल असं समजून घरी थांबू नका, फोन करा, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. विनक्रिस्टीन ह्या केमोच्या औषधाने शौचाला कडक होतं, पाय दुखतात, कधी जबडाही दुखतो. त्याचं औषध डॉक्टर देतात, घरी एनिमा वगैरे अजिबात नको.

घणसोलीकर_बाबा

वरच्या ताईंनी जे लिहिलंय त्याला अनुमोदन. मी वडिलांच्या बाजूने लिहितो कारण यात बाबालोक फक्त पैसे आणि गाडी बघतात आणि मग आईच एकटी सगळं डोक्यात ठेवून फिरते.

तुमच्या मिस्टरांना सांगा, फाईल त्यांची. म्हणजे प्रत्येक रिपोर्ट तारखेने लावणं, पुढची तारीख, कोणतं औषध किती दिवस, संपत आलेलं औषध, हे सगळं त्यांच्याकडे. पुढे मेंटेनन्समध्ये ६-एमपी हे औषध रोज रात्री असतं, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही, आणि ह्यात गोंधळ झाला तर फार वाईट होऊ शकतं, म्हणून ते एकाच माणसाने द्यावं आणि देऊन झाल्यावर कॅलेंडरवर टिक करावी. शिफ्टचं म्हणाल तर हॉस्पिटलचं पत्र घेऊन एचआरला भेटायचं आणि फिरती शिफ्ट बंद करून एकच मागायची. मला रात्रपाळी नको असं सगळे सांगतील पण मी उलट सेकंड शिफ्ट मागितली होती, सकाळी ओपीडीला मी जायचो आणि बायको घरी झोपायची, संध्याकाळी ती लेकाबरोबर. आम्हाला ते सोयीचं पडलं, तुमचं तुम्ही बघा.

प्लेटलेटचं. डोनरची यादी गरज पडायच्या आधी करा. प्लेटलेट ५ दिवसच टिकतात त्यामुळे आणून साठवता येत नाहीत, माणसंच तयार लागतात. एसडीपी म्हणजे एकाच डोनरकडून मशिनवर घेतलेल्या प्लेटलेट, त्यासाठी १८ वर्षांच्या वरचा, ५० किलोच्या वर वजनाचा, हाताची शीर चांगली दिसणारा माणूस लागतो, मशिनवर तासभर तरी जातो, कधी जास्त. आधीचे ३ दिवस त्याने ॲस्पिरिन घेतलेली नको. एकदा दिलेल्याला ४८ तासांनी परत देता येतात पण आठवड्यात दोनदाच आणि वर्षात २४ वेळा, आणि साधं रक्त द्यायचं तर पुरुषाला ३ महिने आणि बाईला ४ महिने थांबावं लागतं, म्हणून एसडीपीवाले आणि रक्तवाले अशा दोन वेगळ्या याद्या करा. मिस्टरांच्या कंपनीतली पोरं, सोसायटी, गणेश मंडळ, सगळीकडे विचारा. मंडळाची पोरं रात्री अकरालाही येतात, हा माझा अनुभव.

पैशांचं, तुम्ही विचारलं नाहीत तरी लिहितो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेटा, कोणता ट्रस्ट काय देतो हे त्यांना सगळं माहीत असतं, आणि लाजू नका. मिस्टरांचा ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर आधी तिकडे चौकशी करा. टॅक्स जुन्या पद्धतीने भरत असाल तर ८०डीडीबीमध्ये ४० हजारांपर्यंत वजावट मिळते, डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा. लोकलने कधी जावं लागलंच तर कॅन्सर पेशंटला दिव्यांग डब्यात बसता येतं, हॉस्पिटलचं कार्ड जवळ ठेवा. पण काउंट खाली असताना ठाण्याच्या ९-१० नंबर प्लॅटफॉर्मच्या गर्दीत तिला नेऊ नका, त्या दिवशी कॅबचे पैसे जाऊ देत.

नौपाड्याच्या_काकू

अगं बाळा, वाचून डोळ्यात पाणी आलं. लेक नक्की बरी होणार. पपईच्या पानांचा रस दे तिला, प्लेटलेट वाढतात, आमच्याकडे डेंग्यूत सगळ्यांना दिला होता. गव्हांकुराचा रसही चांगला, मी कुंडीत लावते, हवं तर पाठवते. आणि गुळवेल.

निवृत्त_सिस्टर_कोपरखैरणे

काकू, तुमची माया कळते, पण हे तिला देऊ नका असं मी हात जोडून सांगते. मी वॉर्डात आयुष्य काढलंय. डेंग्यूची गोष्ट वेगळी, इथे प्लेटलेट कमी होतात त्या केमोने आणि औषध उतरलं की आपोआप वर येतात. न शिजवलेल्या पानांच्या रसातून जंतू जातात, ते तिच्यासारख्या काउंट खाली असलेल्या मुलीला झेपत नाहीत, आणि केमोची बरीच औषधं लिव्हरमधून जातात, त्यात गुळवेलसारखं काही पडलं तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतला आकडा, वाढतं आणि मग केमोच पुढे ढकलावी लागते. घरात असं काही आणलं असेल तर निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. काकू, तुम्ही नौपाड्यात आणि हिचं ऑफिस, माहेर, काय असेल ते ठाण्यातच, तुमच्या हातचा गरम डबा मोठ्या मुलासाठी आणि सासूबाईंसाठी आठवड्यातून एकदा गेला तर हिला केवढा आधार होईल.

आता तुला सांगते कळव्याच्या आई, तू माझ्या लेकीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करते. केमो झाल्यावर ४८ तास तिची शी-शू, उलटी साफ करताना ग्लोव्ह घालायचे, कपडे वेगळे धुवायचे, संडासात झाकण लावून दोनदा फ्लश. गोळी तोडायची असेल तर ओट्यावर नाही, उघड्या हाताने नाही. घरात कोणी गरोदर येणार असेल, नणंद, जाऊ, तर तिने औषधाला हात लावायचा नाही. दात मऊ ब्रशने, प्रत्येक खाण्यानंतर गुळण्या, तोंडात पांढरं किंवा फोड दिसले तर सांगायचं. फळ देताना जाड सालीचं, केळं, संत्रं, धुऊन सोलून. कापून ठेवलेलं बाहेरचं काही नाही. पिक लाईन, म्हणजे केमोसाठी दंडात बसवलेली नळी, असेल तर आंघोळीला प्लास्टिक गुंडाळून, ड्रेसिंग ओलं किंवा लाल दिसलं तर तारखेची वाट बघू नको.

भेटायला येणाऱ्यांचं सोपं करते. दारावर कागद लाव, ‘डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरात भेट बंद आहे’. डॉक्टरांचं नाव आलं की कोणी वाईट वाटून घेत नाही. खिडकीतून, व्हिडिओवर भेटा म्हणावं. सर्दी झालेला माणूस कितीही जवळचा असला तरी नाही. आणि पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर किंवा घरी बायका येतील, लेक ४ वर्षांची आहे म्हणून डोस देऊ म्हणतील, तर सांगायचं की केमो चालू आहे, तोंडातला डोस नको. तो जिवंत लसीचा असतो. त्या बायकांना समजावून सांगितलं की समजतात.

वर्तकनगरच्या_बाई

मी प्राथमिकला शिकवते, मोठ्याबद्दल लिहिते. सगळं वाचताना मन त्याच्यापाशीच अडकलं.

उद्याच्या उद्या त्याच्या वर्गशिक्षिकेला जाऊन भेटा, फोन नको, जमलं तर बाबांनी जावं. वहीत शेरा लिहिणाऱ्या बाईंना घरी काय चाललंय ते माहीत नाही, माहीत असतं तर शेरा लिहिला नसता. त्यांना तीन गोष्टी सांगा. बहिणीला काय झालंय, ते त्याच्यापासून कोणाला लागत नाही, आणि वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी तुम्हाला कळवायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्याचा संपर्क आला असेल तर अंगावर काही उठायची वाट न बघता तुम्ही तुमच्या डॉक्टरांना कळवायचं, लेकीला आधीच औषध देता येतं.

गृहपाठाचं शाळेवर सोडा. मी माझ्या वर्गात अशा मुलासाठी मधल्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटं काढली होती, बहुतेक बाई काढतील.

ह्या वयाच्या मुलांना वाटतं की आपण भांडलो, ढकललं, म्हणून बहीण आजारी पडली. विचारल्याशिवाय सांगत नाहीत. त्याला स्पष्ट शब्दांत सांगा की हे कोणाच्या करण्याने होत नाही. कॅन्सर हा शब्दही तुमच्याच तोंडून ऐकू दे, नाहीतर व्हॅनमध्ये कोणीतरी सांगतं आणि काहीतरी भलतंच सांगतं. डॉक्टर हो म्हणाले तर एकदा त्याला हॉस्पिटल दाखवून आणा, मुलं मनात जे रंगवतात त्यापेक्षा खरं बघितलेलं बरं असतं. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त त्याची. बाबांबरोबर तलावपाळीला चक्कर, भेळ, येताना गोष्टीचं पुस्तक, त्या वेळात बहिणीचा विषय नाही काढायचा, त्याने काढला तर बोलायचं. तो गप्प आहे म्हणजे त्याला समजलंय असं घरातल्या मोठ्यांनी धरून चालू नये, मला ह्याचं फार वाटतं.

कळव्याची_आई

सगळ्यांचे आभार कसे मानू. फ्रिजवर आकडा लावलाय, बॅग भरलीय. मिस्टरांना फाईल दिली, त्यांनी दोन तास बसून सगळं तारखेने लावलं आणि म्हणाले मला आधी का नाही दिलीस. ते उद्या शाळेतही जाणार आहेत. मोठ्याला रात्री जवळ घेऊन सांगितलं, तो म्हणाला ‘मी तिची पेन्सिल फेकली होती त्या दिवशी ताप आला होता’. बाई, तुम्ही लिहिलं नसतं तर हे मला कळलं नसतं.

काकू, वाईट वाटून घेऊ नका, डबा मात्र नक्की चालेल.

नोकरीचं तेवढं राहिलं.

खारघर_सेक्टर_बारा

नोकरी आत्ता सोडू नका. राजीनामा देण्याएवढं अवघड काही मागणं नसतं तुमचं, पतपेढीतल्या साहेबांना टप्पे लिहिलेला तो कागद दाखवा आणि सांगा की इंटेन्सिफिकेशन संपेपर्यंत रजा किंवा घरून जेवढं होईल तेवढं, आणि मेंटेनन्स लागला की अर्धा वेळ. मेंटेनन्समध्ये हॉस्पिटलच्या फेऱ्या खूप कमी होतात, काउंट बरे असले की डॉक्टर मुलांना शाळेतही पाठवायला सांगतात, केस परत येतात. तेव्हा तुम्हाला घराबाहेरचं चार तास काहीतरी हवं असतं. मी सोडली होती, परिस्थितीच तशी होती आमची, पण वॉर्डात माझ्या शेजारी एक बाई होत्या, बिहारहून आलेल्या, कॅम्पसमधल्या सेंट ज्यूडच्या सेंटरला मुलाबरोबर राहायच्या, घर दोन हजार किलोमीटरवर आणि तिकडे शेती नवरा एकटा बघत होता. त्या म्हणायच्या की तू घरी जाऊन आपल्या पलंगावर झोपतेस ना, मग झोप नीट. तुम्हीही झोपा ताई, दुपारी ती झोपते तेव्हा भांडी राहू देत.

कळव्याची_आई

हो, उद्याच साहेबांना फोन करते. डोनरची यादी सुरू केलीय, बी पॉझिटिव्हवाले कमी आहेत. ठाणे, कळवा, ऐरोली भागातलं कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

माजिवडा_टीएमटी

मी बी पॉझिटिव्ह, वय ३१, वजन ७४. एसडीपी आधी दिलेली आहे, शीर लगेच सापडते. रात्रीही येऊ शकतो, बाईक आहे. ऑफिसात अजून दोघे आहेत, त्यांना विचारून नंबर व्यनि करतो.